जुनी डिझेल गाडी सकाळी उशिरा स्टार्ट होते, चालता चालता बंद पडते: पंप खोलण्याआधी हे तपासा

लक्षणं

सकाळचा पहिला सेल्फ मारला की इंजिन बराच वेळ नुसतंच फिरतं. मग एक-दोन सिलेंडरवर अडखळत सुरू होतं, पांढरा धूर सोडतं आणि थोड्या वेळाने सुरळीत चालू लागतं. नंतर दिवसभर काही तक्रार नाही. गरम इंजिन किल्ली फिरवताच स्टार्ट होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा तोच प्रकार. जुन्या डिझेल गाड्यांमध्ये इंधनाची सगळ्यात जास्त दिसणारी तक्रार हीच. तिच्या जोडीने किंवा तिच्याऐवजी पुढची लक्षणंही दिसतात:

- सपाट रस्त्यावर गाडी ठीक चालते, पण चढावर किंवा लोड असताना उचलत नाही.
- काही वेळ चालल्यावर मिसिंग करत बंद पडते. दहा-पंधरा मिनिटं उभी ठेवली की काहीच झालं नाही अशी स्टार्ट होते.
- आयडलिंग स्थिर राहत नाही, इंजिनचा आवाज वरखाली होत राहतो.
- टाकीतलं डिझेल कमी झालं किंवा गाडी चढावर उभी करून ठेवली की त्रास वाढतो.
- फिल्टर बदलला की थोडे दिवस बरं, मग पहिले पाढे पंचावन्न.

या शेवटच्या लक्षणाने खूप जण फसतात. फिल्टर बदलताना आपण लाइनमधली हवाही काढतो, म्हणून गाडी सुधारल्यासारखी वाटते. दोष फिल्टरमध्ये होताच असं नाही. हवा जिथून शिरते ती फट तशीच राहिलेली असते.

हे सगळं मेकॅनिकल इंजेक्शन पंपाच्या (इंजिनाने फिरणाऱ्या, डिझेलला जोराचा दाब देऊन सिलेंडरकडे पाठवणाऱ्या पंपाच्या) गाड्यांसाठी आहे, मग पंप इनलाइन (प्रत्येक सिलेंडरला पंपाचा वेगळा भाग) असो की रोटरी (एकाच फिरत्या भागातून सगळ्यांना वाटणारा). तुमची गाडी कॉमन रेलची (सगळ्या सिलेंडरना एकाच उच्च दाबाच्या नळीतून, म्हणजे रेलमधून, डिझेल देणारी) असेल तर टाकी, फिल्टर आणि कमी दाबाच्या पाइपांपर्यंतच्या तपासण्याच करा, त्याही गाडीच्या मॅन्युअलशी ताडून. त्या गाड्यांत रेलमधला दाब हजार बारच्या वर जातो. चालू इंजिनवर तिथला नट सैल करणं जिवावर बेतू शकतं.

पंपाकडे शेवटी का जायचं

डिझेल टाकीतल्या जाळीतून ओढलं जातं, फीड पंपातून (टाकीतून डिझेल ओढून पुढे ढकलणारा छोटा पंप) फिल्टरमध्ये जातं, तिथून इंजेक्शन पंपात आणि पुढे जाड स्टीलच्या पाइपांतून नोझलपर्यंत (सिलेंडरमध्ये डिझेल फवारणारी तोटी). जुन्या इंजिनांत नोझल उघडायला साधारण ११० ते २५० बार दाब लागतो. डिझेल जवळपास आक्रसत नाही, म्हणून प्लंजरच्या (पंपातल्या, डिझेल दाबणाऱ्या दांडीच्या) छोट्याशा धक्क्यानेही एवढा दाब तयार होतो. हवा मात्र आक्रसते. पाइपात बुडबुडा आला की प्लंजरचा स्ट्रोक ती हवा दाबण्यातच संपतो, नोझल उघडत नाही, आणि पंप धडधाकट असूनही तो सिलेंडर मुका राहतो.

ही हवा बहुतेक वेळा टाकी ते फीड पंप या भागातून शिरते, कारण तो भाग ओढीवर चालतो. रोटरी पंपाच्या बऱ्याच गाड्यांत वेगळा फीड पंप नसतोच. इंजेक्शन पंपाच्या आतला व्हेन पंपच टाकीपासून डिझेल ओढतो, म्हणजे तिथे फिल्टरसकट अख्खी लाइन ओढीखाली असते. स्ट्रॉला बारीक भोक पडलं की पाणी बाहेर गळत नाही, तोंडात हवा येते. इथेही तसंच होतं. त्यामुळे 'कुठेच गळती नाही' म्हणजे 'लाइन चांगली आहे' असं समजू नका. रात्री गाडी बंद असताना त्याच फटीतून हवा आत येते, डिझेल आपल्या वजनाने टाकीकडे उतरतं आणि सकाळी सेल्फला आधी रिकामा पाइप भरावा लागतो.

सकाळच्या या तक्रारीसाठी पंप उतरवून ओव्हरहॉल केलेल्या आणि तरीही तशाच राहिलेल्या गाड्या माझ्याकडे नेहमी येतात. पंपाचं काम सगळ्यात खर्चाचं. म्हणून खालचा क्रम सोडू नका.

काम सुरू करण्याआधी: जागा मोकळ्या हवेची हवी, आसपास ठिणगी किंवा उघडी ज्योत नको. डोळ्यांवर गॉगल घाला. पान्हा लावण्याआधी त्या जोडाभोवतीची माती ब्रशने झाडून घ्या. इंजेक्शन पंपातल्या भागांमधली फट काही मायक्रॉनची असते. तुमच्या बोटावरचा वाळूचा एक कण तिथे पोचला तर आधी नसलेला दोष तयार होईल.

पैसे न लागणाऱ्या तपासण्या

सेल्फचा वेग आणि धूर. सगळ्यात आधी इंजिन पुरेशा वेगाने फिरतंय ना ते ऐका. डिझेल पेटतं ते दाबलेल्या हवेच्या उष्णतेवर. इंजिन हळू फिरलं तर ती उष्णता तयारच होत नाही. १२ व्होल्टच्या गाडीत सेल्फ मारताना बॅटरीचं व्होल्टेज साडेनऊच्या खाली जात असेल तर आधी बॅटरी, तिचे टर्मिनल आणि अर्थिंगची वायर बघा.

मग कुणाला तरी सेल्फ मारायला सांगा आणि स्वतः सायलेन्सरच्या तोंडाकडे बघा. पुढची सगळी दिशा इथे ठरते. बराच वेळ सेल्फ मारूनही अजिबात धूर नसेल तर डिझेल सिलेंडरपर्यंत पोचत नाहीये. हवा, अडथळा, स्टॉप सोलेनॉइड (किल्लीबरोबर पंपाचं डिझेल सुरू-बंद करणारा विजेचा वाल्व) यांच्याकडे चला. पांढरा किंवा राखाडी धूर भरपूर येत असेल तर डिझेल पोचतंय पण पेटत नाहीये. तिथे हीटर प्लग (थंड इंजिन सुरू करताना सिलेंडर आतून तापवणारा), टायमिंग (डिझेल फवारण्याची वेळ), कॉम्प्रेशन (सिलेंडरमधल्या हवेचा दाब) किंवा ठिबकणारं नोझल यांचा संशय घ्यायचा. चालताना काळा धूर म्हणजे हवेच्या मानाने डिझेल जास्त. आधी एअर फिल्टर काढून बघा, इंधनाचा नंतर. एका वेळी दहा-पंधरा सेकंदांपेक्षा जास्त सेल्फ मारू नका, मध्ये मिनिटभर थांबा, नाहीतर स्टार्टर जळेल.

आणि हो, हीटर प्लगच्या गाडीत एअर इनटेकमध्ये स्टार्टिंग स्प्रे कधीही मारू नका. लाल तापलेल्या प्लगवर तो वेळेआधीच भडकतो, पिस्टन आणि रिंगा फुटतात.

टाकीचं झाकण. गाडी चालता चालता बंद पडली की लगेच झाकण उघडा. 'सूंऽ' करून हवा आत ओढल्याचा आवाज आला आणि त्यानंतर गाडी स्टार्ट झाली, तर झाकणातलं किंवा टाकीचं हवेचं भोक बुजलंय. डिझेल निघून जातं, त्याची जागा घ्यायला हवा येत नाही, टाकीत निर्वात तयार होतो आणि पंपाची ओढ कमी पडते. भोक साफ करणं हा यावरचा पूर्ण उपाय आहे.

स्टॉप सोलेनॉइड. रोटरी पंपाच्या गाडीत किल्ली ऑन केली की पंपाजवळ 'टक्' असा आवाज आला पाहिजे. नाही आला तर त्याच्या वायरला बॅटरीइतकं व्होल्टेज येतंय का ते टेस्टरने बघा. व्होल्टेज आहे आणि आवाज नाही, म्हणजे सोलेनॉइड गेला. व्होल्टेजच नाही, म्हणजे फ्यूज किंवा वायर. ज्या गाड्या केबल ओढून बंद करतात, त्यांत ती केबल पूर्ण परत आत जाते की अर्ध्यात अडकते ते बघा. अर्धवट अडकलेली केबल गाडीचा पिकअप मारते आणि कुणाच्या लक्षात येत नाही.

इंजिन ऑइलची डिपस्टिक. ऑइलची पातळी आपोआप वाढली असेल आणि त्याला डिझेलचा वास येत असेल, तर इंजिन स्टार्ट करू नका. कॅमवर चालणाऱ्या डायफ्रामच्या फीड पंपाचा पडदा फाटला की डिझेल थेट सम्पमध्ये (इंजिनच्या तळाच्या ऑइलच्या भांड्यात) जातं. काही गाड्यांत इंजेक्शन पंपाच्या शाफ्टच्या सीलमधूनही जातं. पातळ झालेलं ऑइल बेअरिंग खातं, आणि पातळी फार वाढली तर इंजिन तेच ऑइल ओढून स्वतःहून वेग घेऊ शकतं. अशा वेळी किल्ली बंद करूनही ते थांबत नाही.

फिल्टर, पाणी आणि बारीक होज

फिल्टरच्या तळाचा ड्रेन स्क्रू सैल करून काचेच्या बरणीत थोडं डिझेल काढा आणि पाच मिनिटं स्थिर ठेवा. पाणी डिझेलपेक्षा जड, त्यामुळे तळाशी वेगळा थर दिसेल. काळा बुळबुळीत गाळ दिसला तर टाकीत पाणी आणि डिझेलच्या सीमेवर जिवाणू-बुरशी वाढली आहे. तिथे नुसता फिल्टर बदलून भागणार नाही, टाकी उतरवून धुवावी लागेल. डिझेल गढूळ पांढरट असेल आणि थंडी कडाक्याची असेल तर ते मेणही असू शकतं. बरणी उबेला आणल्यावर ते निवळतं, पाणी मात्र तळाशीच राहतं.

फिल्टर कधी बदलला हे आठवत नसेल तर बदलून टाका. बसवताना जुना रबर रिंग वरच्या हेडला चिकटून राहिला नाही ना ते नखाने चाचपून बघा. एकावर एक दोन रिंगा बसल्या की फिल्टर घट्ट वाटतो, डिझेल गळत नाही, पण हवा ओढतो. मधल्या बोल्टखालचा छोटा वॉशरही नवा टाका, तो बहुतेक जण विसरतात.

आता माझी सगळ्यात आवडती तपासणी, कारण तिला काही लागत नाही. सकाळी सेल्फला हात लावायच्या आधी फिल्टर हेडवरचा किंवा फीड पंपाचा हँड प्रायमर (हाताने दाबून लाइन डिझेलने भरायचा छोटा पंप) मारा. चांगल्या गाडीत तो लगेच कडक होतो. तो पोकळ लागला, बरेच दाब दिल्यावर कडक झाला आणि त्यानंतर गाडी पहिल्याच सेल्फला स्टार्ट झाली, तर प्रश्न मिटला: रात्री लाइन रिकामी होते आहे. पंप चांगला आहे, नोझलही बहुधा चांगली आहेत. फक्त हवा कुठून येते ते शोधायचं. प्रायमर कडक असूनही गाडी तशीच उशिरा सुरू झाली, तर हीटर प्लग आणि त्यांचा रिले तपासायला घ्या.

हवा शोधायची तर पारदर्शक, डिझेलला टिकणारा पाइप आणा. फिल्टर आणि इंजेक्शन पंप यांच्यामधला रबरी होज काढून त्याच मापाचा हा पाइप तात्पुरता बसवा, क्लिपा नीट आवळा, हवा काढा आणि गाडी सुरू करा. पहिली काही सेकंदं थोडे बुडबुडे येतील, ते सोडून द्या. मग इंजिन थोडं रेज करून (वेग वाढवून) पाइपाकडे बघत राहा. चांगल्या लाइनीत पाइप भरलेला आणि इतका स्थिर दिसतो की डिझेल वाहतंय हेही कळत नाही. हवा येत असेल तर मोहरीएवढ्या बुडबुड्यांची माळ पाइपाच्या वरच्या कडेला चिकटून सरकताना दिसते, आणि रेज केल्यावर ती दाट होते. बुडबुडे दिसले की हाच पाइप फिल्टरच्या आधी लावा. तिथे स्वच्छ असेल तर दोष फिल्टरच्या जोडात. तिथेही बुडबुडे असतील तर आणखी मागे टाकीकडे सरका. गाडी रात्रभर तशीच ठेवून सकाळी पाइपातली पातळी उतरली का तेही बघा. काम झालं की पारदर्शक पाइप काढून टाका, इंजिनच्या उष्णतेत तो फार दिवस टिकत नाही.

पाइपात एकही बुडबुडा नाही, तरी सकाळी लाइन रिकामी? मग रिटर्नकडे (उरलेलं डिझेल टाकीत परत नेणाऱ्या लाइनकडे) वळा. नोझलना एकमेकांशी जोडणारे सुती विणीचे बारीक होज असतात, आणि शेवटच्या नोझलवर त्याच होजचा एक बंद टोकाचा तुकडा. एका पिकअप गाडीचा पंप दुसरीकडे ओव्हरहॉल होऊन आला होता, तरी सकाळचा त्रास तसाच. हा बंद तुकडा बोटांत धरून वाकवला तर त्याच्या बुडाशी केसाएवढी चीर उघडली, आणि सोडल्यावर मिटली. वरून ओलसर धूळ तेवढी बसलेली. सगळे रिटर्न होज एकदम बदलले आणि तक्रार संपली. हे होज स्वस्त असतात. एक तडकला असेल तर बाकीचेही त्याच वयाचे आहेत, सगळेच बदला.

जुन्या रबराबद्दल एक गोष्ट माहीत हवी. कमी गंधकाचं डिझेल आल्यावर अनेक जुन्या पंपांची नायट्राइल रबरची सील आक्रसून गळू लागली. बायोडिझेलचं प्रमाण जास्त असलेलं इंधन जुने होज मऊ करतं आणि टाकीतला वर्षानुवर्षांचा थर सोडवून फिल्टरमध्ये आणून टाकतं. होज बाहेरून चांगला दिसत असला तरी तो फुगलेला, चिकट किंवा कडक लागला तर काढा.

जोड आवळताना: बँजो बोल्टच्या (पाइप जोडणारा पोकळ बोल्ट, ज्यातून डिझेल जातं) दोन्ही बाजूंचे तांब्याचे वॉशर दर वेळी नवे घाला. एकदा दाबलेलं तांबं कडक होतं, पुन्हा नीट बसत नाही. बोल्ट जास्त आवळून गळती थांबवायला जाऊ नका, ॲल्युमिनियमच्या हेडमधले आटे निघतील. आणि रोटरी पंपावरचे दोन बँजो बोल्ट सारखे दिसले तरी सारखे नसतात. रिटर्नच्या बोल्टला आत अगदी बारीक छिद्र असतं, डोक्यावर बहुधा 'आउट' असं कोरलेलं असतं. ते छिद्र पंपाच्या आतला दाब राखतं. बोल्टांची अदलाबदल झाली की गाडी पिकअप घेत नाही आणि लोक पंपाला दोष देतात.

हवा काढण्याचा क्रम: आधी फिल्टरवरचा ब्लीड स्क्रू सैल करून प्रायमर मारा, फेस थांबून सलग डिझेल येईपर्यंत, स्क्रू बंद. मग इंजेक्शन पंपावरचा स्क्रू, तसंच. बऱ्याच गाड्या एवढ्यावर स्टार्ट होतात. नाही झाली तर नोझलकडे येणाऱ्या स्टीलच्या पाइपांचे नट अर्धा फेरा सैल करून थोडा सेल्फ मारा. डिझेल झिरपू लागलं की आवळा. खाली फडकं ठेवा, पण जवळ हात नको.

टाकी दोषी की पुढचं? डब्याची तपासणी

चढावर न उचलणाऱ्या किंवा मध्येच बंद पडणाऱ्या गाडीसाठी हिला तोड नाही. चार-पाच लिटरचा स्वच्छ डबा गाळलेल्या डिझेलने भरा, इंजिनपेक्षा उंच आणि गरम भागांपासून लांब पक्का बांधा. फीड पंपाकडे (तो नसेल तर फिल्टरकडे) येणारा टाकीचा पाइप काढून त्या जागी डब्यातून होज जोडा. रिटर्नचा पाइपही डब्यात सोडा, नाहीतर डबा टाकीत रिकामा होईल. हवा काढून इंजिन उभ्या जागी चालवा, रेज करून बघा.

डब्यावर इंजिन सुरळीत चाललं तर दोष टाकीकडच्या बाजूला आहे. जाळी गाळाने भरली असेल, आतला पिकअप पाइप गंजून वरच्या बाजूला सडला असेल (म्हणूनच डिझेल कमी झालं की त्रास), किंवा चासीलगतचा पाइप कुठे तरी चेपला असेल. जाळीचा गाळ काही मिनिटांनी ओढीने चिकटतो आणि गाडी बंद पडल्यावर खाली बसतो. 'थोडं थांबलं की पुन्हा स्टार्ट होते' यामागे झाकणाचं बुजलेलं भोक नसेल तर बहुधा हेच असतं. पाइपात टाकीच्या दिशेने हवा मारून तात्पुरतं सुटतं, पण त्याआधी दोन्ही टोकं सोडवा. फिल्टर किंवा पंपाच्या दिशेने हवा मारू नका.

डब्यावरही तीच तक्रार राहिली आणि फिल्टर नवा असेल तर फीड पंप बघा. त्याचा पुढचा पाइप बरणीत सोडून, मुख्य पंपाला डिझेल बंद ठेवून सेल्फ मारा. दर स्ट्रोकला जोरकस, ठसठशीत धार हवी. नुसती झिरप येत असेल तर पडदा किंवा वाल्व गेले. पिस्टनच्या फीड पंपात छोटी जाळी असते, आधी ती धुवा.

एकच सिलेंडर मिसिंग करत असेल

आयडलिंगला एका वेळी एका नोझलकडे येणाऱ्या पाइपाचा नट थोडा सैल करा. ज्या सिलेंडरवर सैल केल्याने इंजिनच्या आवाजात फरक पडत नाही, तो सिलेंडर आधीपासून काम करत नव्हता. मग ते नोझल आणि शेजारचं नोझल यांची अदलाबदल करा. दोष नोझलबरोबर सरकला तर नोझल; त्याच जागी राहिला तर पंपाचा तो भाग किंवा कॉम्प्रेशन. ही तपासणी फक्त मेकॅनिकल पंपावरच, आणि हात व चेहरा लांब ठेवूनच. दाबाखालची धार कातडीत शिरली तर वर सुईच्या टोकाएवढी खूण दिसते आणि सुरुवातीला दुखतही नाही, पण आत डिझेल पसरलेलं असतं. अशी जखम झाली तर वाट न बघता रुग्णालयात जा आणि 'उच्च दाबाचं डिझेल शिरलंय' हे स्पष्ट सांगा. बोट वाचण्यासाठी तासांचा हिशेब असतो.

इथे थांबा

इंजेक्शन पंपाचं झाकण, गव्हर्नर (इंजिनचा वेग आवरणारा भाग), सीलबंद स्क्रू, टायमिंग यांना घरी हात लावू नका. कमाल डिझेलचा स्क्रू फिरवून पिकअप वाढवल्यासारखा वाटतो, पण धूर आणि तापमान वाढून पिस्टन जातो. गव्हर्नर चुकीचा जोडला गेला तर रॅक (डिझेलचं प्रमाण ठरवणारी दांडी) पूर्ण उघडा राहून इंजिन पळत सुटतं. याशिवाय पुढच्यापैकी काहीही असेल तर सरळ जाणकार माणूस बोलवा: ऑइलमध्ये डिझेल, पंपाच्या शाफ्टजवळ गळती, टायमिंग बेल्ट नुकताच बदलल्यानंतर सुरू झालेला त्रास, एका सिलेंडरचं नोझल बदलूनही न गेलेलं मिसिंग, खडखडाट करणारा धातूचा आवाज, किंवा फिल्टरमध्ये चकाकणारी धातूची भुकटी. ही भुकटी म्हणजे पंप आतून झिजतोय. अशी गाडी चालवत गॅरेजपर्यंत नेऊ नका, टो करा.

पंप रूमला (पंप-नोझलचं काम करणाऱ्या वर्कशॉपला) आधी फक्त नोझल द्या. प्रत्येक नोझल किती बारला उघडतं, फवारा धुक्यासारखा येतो की धार, आणि बंद झाल्यावर ठिबकतं का, हे टेस्टरवर तुमच्यासमोर दाखवायला सांगा. पाच मिनिटांचं काम आहे. नोझल निघाली की इंजिनवरची भोकं आणि पाइपांची तोंडं टोपणांनी बंद करा, कापडाने नाही, धागे आत जातात. आणि पंप खरोखरच ओव्हरहॉल करायला गेला असेल तर तो परत यायच्या आत टाकी धुऊन, पाइप मोकळे करून, नवा फिल्टर बसवून ठेवा. ज्या घाणीने तो पंप गेला ती अजून टाकीत आहे.